मापाची वही: लायपोसक्शननंतर नऊ महिन्यांनी

टेबलावर रिपोर्टांची जाडजूड फाइल होती, पण ताईंनी ती बाजूला सारली आणि पिशवीतून कडा झिजलेली एक लांबट वही काढली. "डॉक्टर, रिपोर्ट मागनं बघा. आधी हे बघा की."

पानापानावर बायकांची मापं होती. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. मधलं एक पान त्यांचं स्वतःचं. त्यावर तीन रांगा, एक निळ्या शाईतली, एक काळ्या, एक लाल. निळी रांग ऑपरेशनच्या आधीची, काळी तीन महिन्यांनंतरची आणि लाल आदल्या रात्रीची.

"मांड्या बघा. कमी झाल्या त्या झाल्या, तशाच आहेत. पण हा दंड बघा. माझाच ब्लाउज मला दंडात चढंना. तिथलं तर काही काढलंच नव्हतं. मग तिथं कुठनं आलं?"

तीस वर्षं सोलापुरात फिजिशियन म्हणून बसतोय, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. 'वजन का वाढलं' हे रोज विचारतात. 'तिथं कुठनं आलं' हा प्रश्न मापं घेणाऱ्या माणसालाच पडू शकतो. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण लिहितोय.

आधीची परिस्थिती

वय 46. जुळे सोलापुरात शिवणकामाचं दुकान, चार मशिनी, हाताखाली दोन मुली. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, टॉवेलच्या कारखान्यात. मुलगी कॉलेजात, मुलगा बारावीला. उंची 154 सेंटिमीटर, वजन 66 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) साधारण 27.8. आपल्याकडे 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर स्थूलपणा धरतात. कंबर 36 इंच, म्हणजे 91 सेंटिमीटर. भारतीय बाईसाठी धोक्याची रेघ 80 ला आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 5.9. पाळी आठ महिन्यांपासून मागंपुढं होत होती.

दोन भिश्या उचलून त्यांनी पुण्यात लायपोसक्शन, म्हणजे कातडीखालची चरबी नळीनं ओढून काढायचं ऑपरेशन, करून घेतलं. पोट, कमरेच्या बाजू आणि मांड्यांचा बाहेरचा भाग. गड्ड्याची जत्रा उरकली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस त्या गेल्या. मला आधी विचारलं नव्हतं. "तुम्ही नाही म्हणाला असता," हे कारण. मी नाही म्हणालो असतो का? बहुतेक नाही. थोडं थांबा म्हणालो असतो.

सर्जननी आपलं काम नीट केलं होतं, हे आधीच सांगतो, कारण अशा प्रकरणात पहिला संशय त्यांच्यावरच जातो. टाके सुरेख, कुठं खड्डा नाही, कातडी समतल. वापरलेली पद्धत आज सगळीकडे चालते तीच. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये ती मांडली. सलाइनमध्ये लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळून ते पाणी चरबीत भरायचं, ती फुगून घट्ट झाली की बारीक नळीनं ओढून घ्यायची. यानं रक्त फार जात नाही.

गोंधळ झाला तो बरणीवरून. एकूण 3.2 लिटर निघालं, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी ते तीन किलो धरलं. पण बरणीत भरलेलं पाणीही येतं, थोडं रक्तही येतं. निव्वळ चरबी होती 2.2 लिटर, आणि चरबी पाण्याहून हलकी, म्हणजे वजनानं जेमतेम दोन किलो. त्यातून चौथ्या दिवशी घरच्या काट्यावर उभ्या राहिल्या तर 67.1! आधीपेक्षा किलोभर जास्त. हा सगळा आत मुरलेल्या पाण्याचा आणि सुजेचा भार, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

वहीतल्या तीन रांगा

सहा आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्याला, वजन 64.1 झालं. सूज उतरली होती, चरबी गेली होती, सगळं ठरल्याप्रमाणं. मे अखेरची काळी रांग वाचताना त्यांच्या आवाजात अजून खुशी होती. कंबर 36 वरून 33 ॥, सीट 42 वरून 40 ॥, मांडी 24 वरून 22 ॥ (सगळं इंचांत; । म्हणजे पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण). छाती 38 आणि दंड 13 होते तसेच.

लाल रांग नोव्हेंबरची. मांडी 22 ॥।, सीट 40 ॥, म्हणजे जवळपास जागच्या जागी. पण छाती 40. छातीखालचा घेर 33 चा 35 ॥. दंड 13 चा 14।. कंबर पुन्हा 36. काट्यावर 68.2.

शरीरातली चरबी भागाभागानं मोजणारी मशिनं असतात, महाग असतात. मला त्या दिवशी त्याची गरज वाटली नाही. एकाच हातानं, एकाच टेपनं, एकाच ताणानं घेतलेली मापं होती ती. माझ्या नर्सनं घेतलेल्या कमरेच्या मापावर माझा एवढा विश्वास नसतो.

मधल्या काळातल्या माझ्या दोन चुका

जूनमध्ये त्यांचा फोन आला होता. वजन 65.4, पोट कडक लागतंय. मी न बघताच म्हणालो, सूज आहे, उतरेल. साडेतीन महिन्यांनी थोडी सूज असू शकते, हे खरं. पण सूज महिन्यागणिक कमी होते, वाढत नाही. वजन सव्वा किलोनं वर गेलं होतं, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

सप्टेंबरमध्ये त्या लॅबचं 'हार्मोन पॅकेज' करूनच आल्या. (आमच्याकडे आता शेंगा चटणीपेक्षा पॅकेजं जास्त विकली जातात.) त्यात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, 5.8 निघालं, जरा वर. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, व्यवस्थित. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी निदान आधीच करून ठेवलं होतं: "थायरॉईड वाढलंय, म्हणून अंग सुटायलंय." आणि मीही 25 मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. एवढ्याशा टीएसएचला, टी-फोर नीट असताना, सहसा गोळी लागत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. शिवाय थायरॉईड खरोखर मंद असलं तरी त्यानं वाढणारं वजन थोडंच असतं, आणि त्यातही मोठा वाटा मीठपाण्याचा. चार किलो चरबी त्याच्या माथी मारता येत नाही. पण गोळी मिळाली म्हणजे कारण सापडलं, असं सगळ्यांना वाटलं, आणि अडीच महिने गेले. तोवर त्या 66.9 वरून 68.2 वर आल्या.

हार्मोन हा शब्द आपल्याकडे दैव या शब्दासारखा वापरतात. तो उच्चारला की चौकशी संपते.

मग दंडात कुठनं आलं?

चरबीच्या पेशींची संख्या मोठ्या माणसात जवळजवळ ठरलेली असते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये हे दाखवलं, आणि त्यासाठी वापरलं काय, तर शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळं हवेत आणि तिथून माणसांच्या पेशींत शिरलेलं कार्बन-14. त्यावरून पेशींचं वय काढता आलं. दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात, तेवढ्याच नव्या होतात, आकडा तोच राहतो. वजन वाढतं तेव्हा मुख्यतः असलेल्या पेशी फुगतात.

मी हे सांगत होतो आणि ताई मान हलवत होत्या, पण मला दिसत होतं की पोचत नाहीये. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे मायेसारखं की."

शिवणकाम न जाणणाऱ्यांसाठी: ब्लाउज शिवताना टिपेच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. ताईंचा हिशोब असा: मांडीतली माया सर्जननी कापून नेली. आता अंग वाढलं, तर जिथं माया शिल्लक आहे तिथंच उसवणार. दंडात, पाठीत, छातीखाली.

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 2011 मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध झाला. स्थूल नसलेल्या 32 बायका, त्यांतल्या 14 जणींचं लायपोसक्शन झालं, बाकीच्या तुलनेसाठी. वर्षभरात काढलेली चरबी भरून आली. मांडीवर परतली नाही, वर सरकली, मुख्यतः पोटाकडे. ताईंच्या पानावर जे तीन शायांत लिहिलं होतं, ते हेच.

शरीराला चरबी गेल्याचं कळतं कसं? इथं खरोखरच हार्मोन येतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा निरोप रक्तात सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते 1994 मध्ये सापडलं. साठा जितका, तितकं लेप्टिन. साठा घटला की निरोप क्षीण होतो आणि मेंदूला वाटतं दुष्काळ आला. मग भूक वाढते, खर्च आखडता घेतला जातो. उपास करून चरबी उतरवली काय, नळीनं ओढली काय, लेप्टिन दोन्हीकडे घसरतं. ताईंच्या अंगावर अंदाजे 25 किलो चरबी होती, त्यातली दोन गेली. लहान घट आहे, पण कुणी मुद्दाम भरून काढत नसताना हळूहळू भरून यायला पुरेशी.

पाळीचा प्रश्न

"चरबी काढली म्हणून तर पाळी गेली नाही ना?" हे त्यांनी दाराबाहेर मालक बसलेले असताना, आवाज उतरवून विचारलं. ऑपरेशननंतर पाळी दोनदाच आली होती, रात्री अंगातून वाफा निघत होत्या. सोलापूरच्या मे महिन्यात बाईला वाफा कुठल्या हे कळायला मार्गच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही त्या येत राहिल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

शंका अगदीच निराधार नाही. चरबी स्वतः इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, बनवते. तिच्यात अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अँड्रोजेनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. पाळी कायमची थांबल्यावर बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन मुख्यतः तिथूनच येतं. पण पाळी चालू असताना मुख्य कारखाना अंडाशयाचा. दोन किलो चरबी कमी झाल्यानं तो बंद पडत नाही. 46 व्या वर्षी, आठ महिने आधीपासून अनियमित असलेली पाळी, हा उघड उघड पाळी जाण्याचा काळ. त्यासाठी एफएसएचची, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची, तपासणीही लागत नाही. या वयात ते महिन्यागणिक वरखाली होतं. पॅकेजमध्ये ती होती, आणि त्यातल्या आकड्यानं त्यांची आठवडाभराची झोप घालवली होती.

या संक्रमणाचा मापांशी मात्र संबंध आहे. इस्ट्रोजेन भरपूर असतं तोवर बाईची चरबी नितंब-मांड्यांकडे जाते. ते घटलं की पोटाकडे वळते. म्हणजे ताईंच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी एकाच दिशेला ढकलत होत्या: मांडीची माया कापलेली आणि इस्ट्रोजेन उतरणीला लागलेलं. चांगल्या वेळी ऑपरेशन झालं असं मी म्हणणार नाही.

चिमटीत न येणारी चरबी

माझी खरी काळजी दंडाची नव्हती. एचबीएवनसी 5.9 चं 6.2 झालं होतं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी आधीही होती, आता जास्त दिसत होती. पोटावरची जी चरबी चिमटीत धरता येते, ती कातडीखालची. सर्जनची नळी तिथवरच जाते. स्नायूंच्या आड, आतड्यांभोवती साठते ती चिमटीत येत नाही आणि नळीतही येत नाही. साखर, रक्तदाब, यकृत यांचा त्रास मुख्यतः तिच्यापायी.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 2004 मध्ये 15 स्थूल बायकांच्या पोटावरून प्रत्येकी नऊ-दहा किलो चरबी काढली गेली. इतकी की कुणालाही वाटावं, आता साखर उतरणार. तीन महिन्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचं काम, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काहीच हललं नव्हतं. आहारानं एवढं वजन उतरलं असतं तर हे सगळं सुधारलं असतं, कारण खर्च जास्त आणि आवक कमी झाली की शरीर यकृतातली, आतली चरबीही काढून खातं. नळी फक्त बाहेरचं गोदाम रिकामं करते.

साओ पाउलो विद्यापीठाचं 2012 चं काम तर मी ताईंना कागदावर आकृती काढून सांगितलं. नॉर्मल वजनाच्या 36 बायका, पोटाचं छोटं लायपोसक्शन. अर्ध्या जणींनी नंतर चार महिने व्यायाम केला, अर्ध्यांनी नाही. सहा महिन्यांनी व्यायाम न करणाऱ्यांची आतली चरबी दहा टक्क्यांनी वाढली. करणाऱ्यांची नाही.

बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांत आतली चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आलेत. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. तो फोटो मी क्लिनिकमध्ये पुष्कळांना दाखवतो, ताईंनाही दाखवला. "दोघांना एकच शर्ट बसंल," त्या म्हणाल्या, "पण कापड वेगळं."

रोजचे 140

एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत 4.1 किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 कॅलरी. भागाकार केला तर दिवसाला 140 च्या आसपास जादा. ही शेंगदाण्यांच्या भाषेत सांगायची तर जेमतेम 25 ग्रॅम. दोन चमचे शेंगा चटणी.

त्यांना पटेना. "मी काही जास्त खात नाही." खोटं बोलत नव्हत्या. सहा आठवडे घट्ट पट्ट्याचा पोशाख, चाळीस डिग्रीत, घरात पंख्याखाली बसून. सकाळचं चालणं तेव्हा सुटलं ते सुटलंच. एप्रिल-मेची लगीनसराई, मशिनीवरून रात्री अकराला उठणं, मग कडक भाकरी दह्यात चुरून, वर चटणी, वर तेल. वाफांनी झोप मोडली की पहाटे चहा. शिवाय त्यांनी स्वतःच हसत कबूल केलेली एक गोष्ट: "म्हटलं, पोट तर काढून टाकलंय, आता काय."

यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही. 140 कॅलरी वेडेपणानं जमत नाहीत, अशाच जमतात.

काय केलं

थायरॉईडची गोळी बंद केली. आठ आठवड्यांनी टीएसएच गोळीशिवाय 4.4 आलं. वाफांसाठी हार्मोनची गोळी घेता येईल, पण ती वजनासाठी नाही, हे सांगितलं. त्यांनी नको म्हटलं.

भाकरी बंद करायला मी कुणालाच सांगत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा मुलूख आहे हा. तीनच्या दोन केल्या. चटणी डब्यातून थेट ताटात घ्यायची नाही, एक सपाट चमचा काढून डबा बंद. रोज एका जेवणात डाळ, उसळ किंवा अंडी भरपूर, संध्याकाळी हुलग्याचं माडगं. रात्रीचं जेवण दुकानातच आठला, दोन्ही मुलींबरोबर. हा बदल त्यांनीच सुचवला आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाला आला.

सकाळी कंबर तलावाकडे पाऊण तास चालणं. (नावावरून विनोद त्यांच्या मैत्रिणींनी करून झालाय.) चालण्याइतकाच मी स्नायूंच्या व्यायामावर अडून बसलो, कारण चाळिशीनंतर स्नायू झिजतात आणि साखर खाणारं मोठं गिऱ्हाईक तेच. खुर्चीतून हात न लावता वीस वेळा उठणं, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली, भिंतीला हात टेकून दंड. आठवड्यातून तीनदा. आणि दर पाऊण तासानं मशिनीवरून उठायचं, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

खरं तर नोव्हेंबरमध्ये त्या माझ्याकडे आल्या होत्या ते फिटनेसच्या चिठ्ठीसाठी. दंडाचंही लायपोसक्शन करून घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, वजन सहा महिने एका जागी राहू दे, मग लिहून देतो. आत्ता दंडातली माया काढली तर पुढची जागा शोधली जाणार, आणि ती पाठ असेल की पोटाच्या आत, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. त्यांनी वहीकडे बघितलं, वाद घातला नाही. मालकांनी घातला, पैशांवरून, बाहेर रिक्षात बसेपर्यंत.

चौथी रांग

मे अखेरीस हिरव्या शाईत: छाती 39, छातीखाली 34, कंबर 34।, सीट 40, मांडी 22 ॥, दंड 13 ॥।. वजन 66.1, म्हणजे ऑपरेशनच्या आधी होतं तेवढंच. पण त्याच वजनावर कंबर पावणेदोन इंच कमी आणि एचबीएवनसी 5.8. यकृताची सोनोग्राफी दिवाळीनंतर करायची ठरलीय.

वजनाच्या आकड्यावर त्या नाराज आहेत. एवढे पैसे घालून काटा परत तिथंच, हे त्यांना सलतं, आणि मी त्यांची समजूत घालायच्या भानगडीत पडलो नाही. दंडाच्या ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, बघू, सहा महिने अजून कुठं झालेत. तोवर त्या अडकणाऱ्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उसवून माया सोडवून घेतलीय.